बिनविम्याचा ब्रुनो

ब्रुनो आज सकाळी गेला. आणि त्याचा विमा नव्हता.

हे आधीच सांगून टाकते, कारण सकाळपासून आलेल्या निम्म्या फोनवर तेच विचारलं गेलंय. "इन्शुरन्स होता ना गं?" आपल्याकडे सांत्वन आणि चौकशी एका दमात होते.

तर नव्हता. का नव्हता, ते ऐका.

ब्रुनो आमचा लॅब्रॅडॉर. विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये आला तेव्हा माझ्या पर्समध्ये मावायचा. विमा मीच काढला होता, पिल्लू असतानाच. तेव्हा प्रीमियम अगदी किरकोळ होता.

मग त्याच्या तोंडावरचे केस पांढरे व्हायला लागले आणि प्रीमियमला पालवी फुटली. दर वर्षी वाढतोच आहे.

नवरा म्हणाला, "माझ्यापेक्षा याचा प्रीमियम जास्त झालाय."

म्हटलं, "तुझ्यापेक्षा ऐकतोही जास्त."

हसण्यावारी नेत होते, पण धाकधूक होतीच. पॉलिसी सलग चालू ठेवली तर म्हाताऱ्या कुत्र्यालाही विमा मिळतो. एकदा खंड पडला की त्या वयाच्या कुत्र्याला नव्याने कुणी दारात उभं करत नाही.

म्हणून कुरकुरत का होईना, भरत राहिले. ज्या वयात दवाखाना लागणार, नेमकं त्याच वयात हात वर करायचे, हे मला पटत नव्हतं.

गेल्या वर्षी रिन्यूअलला कंपनीने तपासणी मागितली. डॉक्टर घरी येणार होते. मी ऑफिसमधून धावतपळत आले, तर घरात ब्रुनो नाही आणि आबाही नाहीत.

आबा म्हणजे माझे सासरे. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे, पण सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात. ब्रुनोला "बरून्या" म्हणतात आणि माझी नजर चुकवून भाकरी चारतात.

फोन लागला तो संध्याकाळी.

"आबा, कुठे आहात?"

"मळ्यात हाय."

"आणि ब्रुनो?"

"त्यो बी हाय. लय मजेत हाय."

"अहो, डॉक्टर येऊन गेले!"

"गेलं न्हवं? झालं तर मग."

फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मी तासगाव गाठलं, तोवर आबांच्या पुतण्याच्या जीपमधून दोघे साताऱ्याला, आबांच्या बहिणीकडे पसार. हे वय, हे गुडघे, आणि ही पळापळ! परत आले तेव्हा मुदत टळून गेली होती.

माझा पारा चढलेला. "का केलंत हे, आबा? काय मिळालं?"

ते दारातच उभे. ब्रुनो त्यांच्या पायाला चिकटून.

मग म्हणाले, "आमची हरणी गाय व्हती. तिचा इमा उतरवला हुता. कानात पिवळा बिल्ला मारलेला. मेली तवा सायब म्हनला, बिल्ल्यासकट कान द्या, पुरावा पायजे. रोज ज्या कानामागं खाजवत हुतो, त्योच माझ्या हातानं कापला, पोरी."

त्यांनी ब्रुनोच्या कानामागे हात फिरवला.

"ह्येचा न्हाई कापू द्यायचा."

माझा पारा उतरला.

म्हटलं, "आबा, कुत्र्याला बिल्ला नसतो हो. नाकाचा फोटो घेतात. आपला अंगठा घेतात ना, तसं."

त्यांनी ब्रुनोच्या ओल्या नाकाकडे पाहिलं.

"आनि मेल्यावर?"

"मेल्यावर कान नाही, नाक नाही. काही कापत नाहीत."

आबा तिथेच उंबऱ्यावर बसले. "म्हंजे माज्यापायी गेला म्हन की त्येचा इमा."

मला खोटं बोलता येत नाही. मी फक्त त्यांच्या शेजारी बसले. मधे ब्रुनो घुसला.

दिवाळीनंतर ब्रुनोच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन करायचं की नाही, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. केलं. पैशाचं रडगाणं इथे गात नाही. विमा असता तर सोपं गेलं असतं, एवढंच.

गाठ काढली, पण मागच्या पायांतला जोर गेला तो गेलाच.

मग आबांनी आपला पंचा काढला. तो ब्रुनोच्या पोटाखालून घालायचा, दोन्ही टोकं मुठीत धरायची आणि मागची बाजू उचलून त्याला चालवायचं. रोज सकाळ-संध्याकाळ. कॉलनीतले लोक गंमत करायचे, "आबा, कोण कुणाला फिरवतंय?"

"ज्येला येळ हाय, त्यो," आबा म्हणायचे.

बागेत द्राक्षं उतरली, गाड्या भरल्या, तरी आबा मळ्यात फिरकले नाहीत. "बरून्याला कोन उचलंल?" एवढंच म्हणायचे. मी उचलू शकले असते. पण ते काम त्यांचं होतं, मला कळत होतं.

आज सकाळी पंचा पोटाखाली घातला, पण ब्रुनो उठला नाही. आबांच्या पावलावर हनुवटी टेकली आणि तसाच गेला.

दुपारी त्याला मळ्यात नेला. बांधाकडेला पुतण्याने खड्डा खणला. मी मीठ पसरलं. त्याला आत ठेवला आणि पुतण्याने फावडं उचललं, तेवढ्यात आबा म्हणाले, "थांब रं."

आणि माझ्याकडे वळून, हळूच,

"पोरी, आता कुनी बघाय यायचं न्हाई न्हवं? कुनाला काय दावायचं, द्यायचं?"

"कोणी नाही, आबा. तो सगळा आपलाच आहे."

"मग घाला माती."

पहिली मूठ त्यांनीच टाकली. आणि मग आबा मोठ्याने रडले. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

ब्रुनो, राजा, तुझा विमा आम्हाला राखता आला नाही. तुला मात्र आख्खा पोचवला.

सुखाने जा रे बाळा.