शिडाची जुनी नाव

आमची निम्मी जमीन तापीच्या पल्याड. होडीवाल्याची मर्जी असली तर पार, नाहीतर बसा काठावर. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, एकोणसाठ-साठ साल, यजमानांनी एका बैलाचे पैसे जमवले आणि म्हणाले, "नाव घेऊ." मी कपाळावर हात मारला. सात पिढ्या कापूस पिकवणारं घर, आणि यांना नाव हवी!

नाव होती चार कोसांवरच्या एका म्हाताऱ्या विधवेची. तिचा नवरा नावाडी, जत्रेच्या शर्यतीत कधी हरला नाही म्हणत. तो वारल्यापासून वर्षभर नाव वाळूत पडून होती. पण काय देखणी! सागाची, अरुंद, पुढून निमुळती, डोलकाठी अजून सरळ. माझा राग तिथेच निम्मा उतरला. यजमान मात्र तिच्या पाठीवर थापा मारत, वाकून पोट बघत फिरत होते.

"अहो, आता दात बघा," मी म्हटलं.

फळ्यांमधून ऊन आरपार दिसत होतं. शेजारी उभा असलेला लाकडाचा व्यापारी हसला. "जळण आहे हो हे!" म्हणाला, आणि तरी आमच्या दीडपट पैसे देऊ केले. तो कुऱ्हाडीच घेऊन आला होता.

म्हातारीचा चेहरा उतरला. घरात कमावणारं कुणी नाही, पैसा तिला हवाच होता. पण ती ताठ उभी राहिली. "वाळेल शे, मरेल नई," ती म्हणाली; वाळलीय, मेली नाही. आणि तिने अट घातली: तीन दिवस नाव पाण्यात बुडवून ठेवायची. लाकूड फुगून फटी मिटल्या तर आमच्या पैशांत आमची, नाही मिटल्या तर व्यापाऱ्याची. दीडपट पैसे समोर असताना असं बोलायला केवढी छाती लागते!

तिसऱ्या दिवशी चौघांनी नाव वर काढली, पाणी उपसलं, पुन्हा सोडली. आम्ही श्वास रोखून तळ बघत बसलो. एक थेंब आत आला नाही. व्यापारी कुऱ्हाडी उचलून निघून गेला.

मग यजमानांनी शीड चढवलं आणि नाव गरागरा जागच्या जागी फिरू लागली. म्हातारी काठावरून ओरडतेय, दोर ढिला कर, सुकाणू दाब. यांच्या डोक्यात काही शिरेना. कशीबशी काठाला लागली तेव्हा मीच वैतागून म्हटलं, "मावशी, तुम्हीच बसा की!"

ती मागे सरली. बाईचा पाय लागला की नाव हरते, असा नवऱ्याचा नेम होता. जन्मात तिने आत पाऊल टाकलं नव्हतं; जे शिकली ते काठावरून बघून.

"घाला चुलीत तो नेम!" मी तिचा हात धरून तिला आत ओढलं.

तिने सुकाणू धरलं, दोर खेचला. पश्चिमेचा वारा शिडात भरला आणि नाव प्रवाहाविरुद्ध सरसर निघाली. यजमान तोंड उघडं टाकून बघत राहिले. असं कसब मी पुन्हा कुणाच्या हातात पाहिलं नाही.

नदीच्या मध्यावर ती एकदम हसायला लागली, मग डोळे पुसत, मेलेल्या नवऱ्यावर चिडून म्हणाली, "इतलंच शे? इतलासाठे बुढानी माले तीस वरीस काठवर हुभी ठेवी?"

ती काही नाव वळवायला तयार नव्हती.