आजचं चालणं

टेकडीवर रोज सकाळी एक गृहस्थ भेटतात. चालता चालता फोनवर जमिनीचे सौदे जमवतात आणि मधूनच मनगटावरच्या घड्याळात पावलं बघतात. "शरीर हीसुद्धा इन्व्हेस्टमेंटच," असं त्यांनी मी न विचारताच मला ऐकवलं होतं. ज्यातून काही पदरात पडतं तेवढंच चालायचं, बाकीची पावलं म्हणजे फुकटची हमाली, असा हा हिशेबी व्यायाम.

आज दहा हजार पावलं भरल्यावर ते गाडीत बसले आणि दहा पावलांवरच्या भाजीवाल्या मावशींना त्यांनी हॉर्न वाजवून बोलावलं. गुडघ्यावर हात टेकत मावशी उठल्या, पालकाची जुडी घेऊन काचेपाशी गेल्या आणि काळजीने म्हणाल्या, "लई दमलात व्हय, सायेब?"

"छे," ते घड्याळ दाखवत म्हणाले, "माझं आजचं चालून झालंय."