कापलेल्या प्रकरणाचं गाऱ्हाणं

लढाईवरच्या माझ्या पुस्तकाला परवानगी देताना लष्करातल्या साहेबांनी एकच प्रकरण कापलं. आणि पुस्तक मी त्या प्रकरणासाठीच लिहायला घेतलं होतं.

मी सातवी नापास. मी बोलायचो, बायको लिहायची. त्या प्रकरणात पलीकडचा एक जखमी शिपाई होता. त्यानं पाणी मागितलं, मी पाजलं. तो गेला, मी त्याला पुरला. एवढंच. वरून शेरा आला, अशानं मनोधैर्य खचतं. कुणाचं खचतं? पाणी पाजणाऱ्याचं?

छापील पुस्तक चाळून बायको म्हणाली, "अवो, हेच्यात तुमी खंय आसात?" कुठेच नव्हतो.

पेन्शनीत आल्यावर मी देवबागला होडी घेतली. खाडी समुद्राला मिळते तिथं पाणी ओढतं, पर्यटक ऐकत नाहीत. बुडणारा जिवंत सापडला तर काढतो, मेलेला असला तरी काढतो. बायको धुतलेली चादर आणि पाण्याचा तांब्या घेऊन किनाऱ्यावर उभी असायची. मेलेल्याच्या तोंडात पाणी तीच घालायची. कुठला, कोण, हे तिनं कधी विचारलं नाही. ते प्रकरण तिच्या हातचं होतं, तिला पाठ होतं.

यंदा ती गेली. आणि आता गावाला माझा सत्कार सुचला. ती असताना कुठे होते सगळे?

सरपंच घरी आला. "काकानू, लढाईचा सांगा, होडयेचा सांगा. तेवडा दुश्मनाचा सोडा हां. पावणे येतले."

"म्हणजे तू पण कापतलंस?"

"कापूचा काय त्येच्यात? बोलूचाच नाय."

देवळासमोर मांडव होता. शाल मी बाजूला ठेवली आणि माईक घेतला. भाषण मला येत नाही, गाऱ्हाणं येतं. आमच्याकडे देवाला सांगायचं ते एकानं मोठ्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" मांडव आपसूक बोलला.

"दुश्मनाच्या शिपायान माज्या हातचा पाणी पिऊन जीव सोडल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"ता माज्या बायलेन लिवल्यान, नि सायबान कापल्यान..."

"व्हय म्हाराजा!" सरपंचाचा आवाज सगळ्यांच्या वर. जन्माची सवय, दुसरं काय. पाहुणे त्याच्याकडे बघायला लागले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

"कापणाऱ्यांच्या तोंडात शेवटाक पाणी घालूक कोण तरी आसूंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

मी माईक ठेवला. अख्ख्या गावानं होकार दिलाय. आता कापा म्हणावं.