डब्यावरची रिकामी जागा

बातमी आली तेव्हा मी भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपच्या दारात टेम्पो भरून घेत होते. फोन कदमवहिनींचा होता. "ताई, हे गेले हो पहाटे..." मी माल तपासून चलनावर सही केली, टेम्पो चाकणच्या कंपनीकडे रवाना केला, मशिनं बंद करायला सांगितली आणि मग निघोज्याला त्यांच्या घरी गेले. आधी टेम्पो लावून दिल्याचं मला काही वाटलं नाही. नागनाथ कदम माझ्या जागी असते तर त्यांनीही हेच केलं असतं, वर चलन दोनदा वाचलं असतं. या गोष्टीला आता तीन महिने होतील.

कदम मूळचे उदगीरकडचे. वीस वर्षांपूर्वी भोसरीत एका खोलीत चौघांबरोबर राहायचे, तेव्हा आमच्याकडे ऑपरेटर म्हणून लागले. पुढे चार-पाच वर्षांनी आम्ही नवरा-बायकोनं एक जुनं सीएनसी मशीन विकत घेतलं आणि ते कदमांच्या ताब्यात गेलं, ते शेवटपर्यंत. त्या मशीनबरोबर एक कॉम्प्युटर आला होता. धातूचा कुठला भाग कसा कापायचा याचे सगळे प्रोग्रॅम त्या कॉम्प्युटरमध्ये. तिथून ते केबलनं मशीनला जातात. कॉम्प्युटर तेव्हाच म्हातारा होता, पण दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरशी ते मशीन बोलायलाच तयार नाही. मी दरवर्षी म्हणायचे, हे खोकं बदलू या. कदम म्हणायचे, "मशीन चालतंय तवर ह्याला हात लावायचा नाही ताई. काळजी डिस्कची करा, खोक्याची नगा करू."

म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून तशीच एक जास्तीची हार्ड डिस्क आणली आणि पहिल्याच वर्षी मी तिचा जीव घ्यायला निघाले. खंडेनवमी होती. आमच्या भागात त्या दिवशी काम बंद. मशिनं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालतात, पूजा करतात. मी ताट घेऊन फिरत होते. टेबलावर डिस्क उताणी पडलेली दिसली, तिलाही बोटानं पाण्यात कालवलेलं हळदकुंकू लावलं. नेमकं हिरव्या सर्किटवर. कदम धावत आले. टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन तासभर घासत बसले, आणि मग शांतपणे म्हणाले, "ताई, देवाला आंघोळ घाला, हिला कोरडी ठेवा." डिस्क वाचली. त्यांनी ती स्वतःच्या जेवणाच्या जुन्या स्टीलच्या डब्यात फोम घालून ठेवली, झाकणावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि म्हणाले, कुंकू इथं लावा.

तेव्हापासून दर खंडेनवमीला हा कार्यक्रम ठरलेला. सकाळी चालू डिस्कवरचं सगळं जास्तीच्या डिस्कवर उतरवायचं. त्याला तीन-चार तास लागायचे. मग कॉम्प्युटर उघडून जास्तीची डिस्क आत बसवायची, एकेक प्रोग्रॅम उघडून बघायचा, आणि रोजच्या डिस्कनं त्या दिवशी डब्यात आराम करायचा. दसरा झाला की पुन्हा अदलाबदल. काम झालं की झाकणावर नवी पट्टी आणि तिच्यावर माझं कोरडं कुंकू. एका ओळीत तीन पट्ट्या, मग खाली दुसरी ओळ. दुसऱ्या मशीनवरचे दत्तूभाऊ, भोसरीतलेच जुने रहिवासी, हसायचे. "कदम, सासरी धाडतोस व्हय रं तिला?" कदम स्क्रू पिळता पिळता म्हणायचे, "हसा. नुसती बसून राहिली की जाम होती ती. तुमच्यासारखी."

मागच्या खंडेनवमीला कदम आजारातून नुकते उठले होते. अर्धा दिवस यायचे, फाटकापासून चालत आले की पाच मिनिटं बसून दम खायचे. पूजा झाली आणि त्यांनी डबा काढला. मी म्हटलं, "कदम, यंदा राहू द्या. प्रसाद घ्या आणि घरी जा."

"तीन तासाचं काम हाय ताई."

"दिवाळीनंतर करू."

मला त्यांच्या तब्येतीची काळजी होती, हे खरं. पण चाकणचा माल अडला होता आणि आम्ही त्या दिवशी रीत मोडून दुपारी ते मशीन लावणार होतो, हेही खरं. दिवाळीनंतर त्यांनी दोनदा विचारलं, "ताई, मशीन कधी देताव?" दोन्ही वेळा मी म्हटलं, सांगते. सांगायचं राहून गेलं... म्हणजे मी सांगितलं नाही.

ते गेल्यानंतर महिन्याभरानं एका सोमवारी कॉम्प्युटर काळा पडला. आतून नुसता टक-टक आवाज. दत्तूभाऊ म्हणाले, "ताई, ह्ये बी गेलं. कदमाच्या मागंच गेलं." मी म्हटलं, "दत्तूभाऊ, स्क्रू ड्रायव्हर द्या." दुरुस्तीवाल्यानं फोनवरच हात झटकले होते. प्रोग्रॅम गेले तर मशीन भंगारात जाणार होतं आणि चाकणची ऑर्डर त्याच्या पाठोपाठ.

डबा उघडला. डिस्कवर कदमांच्या अक्षरातली चिठ्ठी होती: "आधी करंट बंद. चार स्क्रू. पट्टीच्या केबलची लाल कड करंटच्या पिनांकडे. जोर लावू नका." चिठ्ठी कुणासाठी लिहिली होती कोण जाणे, त्यांना स्वतःला तर तिची गरज नव्हती. मी बंद पडलेली डिस्क काढली, तेलकट धूळ पुसली, डब्यातली बसवली. पहिल्यांदा केबल उलटी लागली, काहीच होईना. पुन्हा चिठ्ठी वाचली, लाल कड फिरवली. पडदा उजळला. दत्तूभाऊंनी हात जोडले.

मग मी यादी बघितली. जुनं सगळं होतं. तिच्यावर शेवटचं उतरवलं होतं ते गेल्याच्या आदल्या खंडेनवमीला; त्यानंतरच्या तीन कामांचे प्रोग्रॅम नव्हते. आजारपणात, अर्धा दिवस येऊन कदमांनी लिहिलेले तेच. डबा उघडताना मनात एक वेडी आशा होती की त्यांनी मला न सांगता कधीतरी काम उरकलं असेल. एरवी माझं ऐकायचे कुठे! मी झाकण हातात घेतलं. चार पूर्ण ओळी आणि पाचवीत दोन पट्ट्या. पंधरावी जागा रिकामी.

दत्तूभाऊ झाकणाकडे बघत म्हणाले, "जल्मात तुमचं ऐकलं न्हाई त्यानं. आन् ऐकलं तर नेमकं ह्येच."

दत्तूभाऊंच्या वहीतली पेन्सिलीनं लिहिलेली मापं घेऊन आम्ही ते तीन प्रोग्रॅम पुन्हा लिहिले. नऊ दिवस लागले. तेवढ्यात एक काम आमच्या हातून दुसरीकडे गेलं. दोन राहिली. मशीन चालू आहे.

गेल्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मी एकटीच वर्कशॉपमध्ये गेले. जुन्या बाजारातून आणखी एक तशीच डिस्क आणली होती. सगळं तिच्यावर उतरवलं, ती आत बसवून एकेक प्रोग्रॅम उघडून बघितला, आणि कदमांची डिस्क पुसून डब्यात ठेवली. चिठ्ठीही परत आत ठेवली. यंदाची खंडेनवमी अजून लांब आहे, पण मी थांबले नाही. कागदी पट्टीचा तुकडा फाडला, कोरडं कुंकू लावलं. पट्टी पाचव्या ओळीतल्या मोकळ्या जागेत सहज बसली असती. ती जागा तशीच सोडली आणि खाली नवी ओळ सुरू केली.