नांगर लावलेली जीप

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. गाडी घेतली की स्टेपनी, जॅक आणि पाना मिळतो. किस्से नंतर आपोआप साचतात, पायाखालच्या मॅटमधल्या रेतीसारखे. आमच्या जीपमध्ये किती साचले होते ते मला दादा गेल्यावर कळलं. श्रावणात त्याला कावीळ झाली आणि गणपतीत तो नव्हता. ओट्यावर माणसं बसायला यायची. तोंड पाडून यायची, मग अंगणातल्या जीपकडे बघून कोणीतरी सुरू करायचं, "त्या हळदीच्या दिवशी काय झालं ठाऊक हाय ना?" आणि सगळे हसत सुटायचे. आई आतून ओरडायची, सुतकात हसता काय रे. मग तीच बाहेर येऊन म्हणायची, "तसं नव्हतं झालं. मी सांगते."

बाबांनी मात्र ठरवलं होतं, जीप विकायची. मी भांडलो, ताट ढकललं. बाबा एवढंच म्हणाले, "दारात उभी दिसते, आन वाटते, तो आत जेवतोय." मी ताट पुन्हा पुढे ओढलं. जीप जायच्या आधी तिच्या अंगावर काय काय चढलं ते सांगतो.

* * *

आमचं गाव जुईनगर स्टेशनच्या मागे, खाडीच्या बाजूला. नवी मुंबई वसवताना गेलेल्या जमिनीच्या बदल्यात प्लॉट मिळाला, तो बिल्डरला दिला, पैसे आले. बाबांना इंजिनवाली नवी होडी हवी होती. दादा वाशीला जातो म्हणून गेला आणि नवीकोरी, फोर-व्हील-ड्राइव्हवाली उघडी जीप घेऊन आला. हार घातलेला, पेढे सीटवर. आई ओवाळायला लागली. बाबांनी जीपला एक पूर्ण फेरी मारली आणि विचारलं, "छप्पर कुठं हाय?"

"आपल्या होडीला तरी कुठं हाय?" दादा म्हणाला.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पेढे मात्र खाल्ले.

* * *

दादाचा दोस्त पक्या रबाळ्याला वेल्डर. त्याच्या गॅरेजमालकानं सांगितलं, अशा गाडीला पुढे विंच पाहिजे, दोर गुंडाळणारं यंत्र. चिखलात अडकलात की दोर झाडाला बांधायचा, गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. पण ती बाहेरच्या देशातून मागवावी लागेल.

दादा घरी आला, पडवीत पडलेला जुन्या होडीचा लोखंडी नांगर उचलला आणि सरळ पक्याकडे नेला. पक्यानं पुढच्या बंपरला दोन हुक मारले, त्यावर नांगर चढवला, खाली दोराची गुंडाळी. जीपची ही पहिली अ‍ॅक्सेसरी! बाबा म्हणाले, नांगर होडीला लागतो, गाडीला नाय. आणि तोंड फिरवून जाळं विणत बसले.

पहिल्याच रविवारी वाशीच्या सिग्नलला हवालदारानं अडवलं. लायसन बघितलं, कागद बघितले, मग नांगराकडे बोट केलं. "हे कशाला?"

दादा गंभीर होऊन म्हणाला, "साहेब, हँडब्रेक जरा ढिला हाय."

हवालदारानं शिट्टी तोंडातून काढली आणि आम्हाला जायला सांगितलं. वर आम्ही पुढच्या सिग्नलला पोचेपर्यंत वळून वळून बघत होता.

* * *

मग लाइटी आल्या. वर लोखंडी दांडी आणि तिच्यावर मोठे सहा दिवे. चालू केले की समोरची म्हैससुद्धा डोळे मिटायची. गावात एकाची हळद होती. ऐन नाचात वीज गेली. दादानं जीप मांडवाच्या तोंडात घातली, सहाच्या सहा दिवे लावले आणि स्वतःही नाचायला उतरला. बॅटरीचा विचार कोणी केला नाही.

सकाळी वरात निघायची वेळ झाली आणि जीप मांडवाच्या तोंडाशी मेलेली. बँडवाले आत, आम्ही बाहेर. शेवटी सगळ्यांनी धक्का मारला, नवरदेवानं सुद्धा, हळदीच्या अंगानं. मागच्या फळीवर त्याचे दोन पिवळे पंजे उमटले. दादानं ते धुतले नाहीत. पक्याकडून त्यावर वार्निश मारून घेतलं. म्हणाला, "कंपनीत असला कलर मिळत नाय."

* * *

आईचा जुईनगरच्या बाजारात मासळीचा धंदा. तिच्या टोपल्यांसाठी मागे रॅक बसवला. चार दिवसांत गाडीला असा वास सुटला की दादानं आरशाला गुलाबाच्या वासाची बाटली टांगली. आईनं ती बाजारात पोचायच्या आधीच फेकून दिली.

"या वासानं माझं गिर्‍हाईक पलेल," ती म्हणाली.

* * *

आता मोठं काम. एकदा गाडी धुताना दादाला जीपच्या तळाला भोकं दिसली. पाणी निघून जावं म्हणून ठेवलेली असतात. पण आमच्याकडे तळाला भोक दिसलं की हात आपोआप डांबराकडे जातो. कंपनी बुजवायला विसरली, दादा म्हणाला. मी कापूस कोंबत गेलो, तो वरून डांबर ओतत गेला. होडीची भेग भरतात तशी एकेक फट भरली.

त्या आठवड्यात ओहोटीला जीप खाडीत उतरवली. बरोबर संपत होता, मार्केटात हमाली करणारा, साताऱ्याचा. पाणी त्यानं विहिरीतलंच पाहिलेलं. पन्नास पावलं गेलो आणि चाकं चिखलात बसली. दादा खूश. नांगर तिवराच्या झाडात अडकवला आणि आम्ही दोर ओढला. जीप जागची हलली नाही. तिवर मुळासकट आमच्याकडे आला.

संपत म्हणाला, "गड्या, उतरून ढकलूया की."

दादा स्टिअरिंगवर पाय टाकून बसला. "होडी कोन ढकलतो का? भरती येऊ दे."

भरती आली. आधी चाकं बुडाली, मग पायरी. आत थेंब नाही! मग जीपची मागची बाजू हळूच उचलली गेली आणि आम्ही डावीकडे वळायला लागलो. दादानं स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, त्यानं काय होणार होतं कोण जाणे. संपतनं स्टेपनीला मिठी मारली.

"आरं, ही तरंगतीया! माझ्या घरी कळवा रं कुनीतरी!"

गावातल्या पोरांनी बाबांना आणलं. बाबा होडी घेऊन आले, आमच्याकडे न बघता जीपला दोर बांधला आणि वल्ही मारत आम्हाला काठाच्या टणक जागेपर्यंत आणलं. ओहोटी लागल्यावर खाली वाकले, जीपच्या तळावरून हात फिरवला, बोटं हुंगली.

"डांबर कमी पडलंय," म्हणाले, आणि घरी गेले.

त्या रात्री दादा झोपेत हसत होता. मी शेजारीच होतो.

* * *

जीपला गिर्‍हाईक करंजाड्याहून आलं. सफारी घातलेला माणूस. त्यानं वास घेतला, पंजे बघितले, नांगर बघितला. इंजिन चांगलंय म्हणाला, पण हे सगळं फालतू सामान काढून द्या, मी पंजांवर रंग मारून घेईन. सौदा ठरला. बाबांनी मला पाना दिला. मी जीपखाली गेलो, डांबराकडे बघत पडून राहिलो आणि एक बोल्ट न उघडता बाहेर आलो. बाबांनी पाना परत घेतला.

सकाळी तो ड्रायव्हर घेऊन आला. पंजे होते, रॅक होता, दिवे होते. फक्त बंपरवरचा नांगर नव्हता. चला, एवढं तरी काढलंत, तो म्हणाला. मी बाबांकडे बघितलं. ते ओट्यावर जाळं विणत होते. आईनं किल्ली दिली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. पक्या आणि संपत कुंपणाला टेकून उभे होते. त्या दिवशी कोणी किस्सा सांगत नव्हतं.

इंजिन सुरू झालं. जीप चार हात पुढे गेली, गचका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा गचका. ड्रायव्हर खाली उतरला, मागे गेला आणि तिथेच उभा राहिला. मागच्या हुकाला होडीचा दोर बांधला होता. दोर अंगणभर ताणला गेला होता, कडेच्या चिंचेच्या झाडापर्यंत. आणि चिंचेच्या मुळांत, आकडे खोल रुतवून, नांगर बसला होता.

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं.

"काका, हे काय?" त्या माणसानं विचारलं. "गाडी न्यायचीय ना मला?"

बाबांनी जाळ्याची गाठ मारली, दोरा दातानं तोडला. मान वर केली नाही.

"भरती येऊ दे," म्हणाले.