मिराबाईचं रडणं

पुसेगावाजवळच्या बंजारा तांड्यातली मिराबाई रडायला लागली की दगडाला पाझर फुटतो, असं लोक सांगायचे. लोकांचं काय, लोक काहीही सांगतात. पण हे मात्र खरं होतं, आणि त्यानंच बाईचा घात केला.

तांड्यात रडणं ही शिकायची गोष्ट. लग्न ठरलं की म्हाताऱ्या बाया नवरीला जवळ बसवून ढावलो शिकवतात. ढावलो म्हणजे माहेर सुटताना सुरात रडायचं गाणं. नवरी नुसते हुंदके देऊन मोकळी झाली तर बाया नाकं मुरडतात, "काय गं, याडीनं काहीच शिकवलं न्हाई व्हय?" याडी म्हणजे आई. मिराचा ढावलो असा निघाला की वऱ्हाडातले गडीसुद्धा डोळे पुसू लागले. नवरदेव प्रेमदास तर घाबरलाच. त्याला वाटलं, या पोरीला आपल्याकडं यायचंच दिसत नाही.

प्रेमदास जत्रेतल्या नाटकांना पडदे आणि लाईट पुरवायचा. तेव्हा गोरेगावाकडं जत्रा म्हटली की गावची पोरं नाटक बसवायची. बाईचं काम करायला बाई बाहेरून आणायची आणि हँडबिलावर ठळक छापायचं, 'स्त्री पात्रासह'. एका वर्षी नांदेडची बाई ऐनवेळी आलीच नाही. मंडळ डोक्याला हात लावून बसलं. प्रेमदास म्हणाला, "माझी बायको उभी करतो. बोलणं जमायचं न्हाई, पण रडती बराबर."

आणि झालंही तसंच. पडद्यामागून वाक्यं सांगणारा घसा फोडून राहिला, बाई आपली गप्प. लोक शिट्ट्या मारू लागले. तिसऱ्या अंकात तिला पोराच्या मढ्याशेजारी बसवलं, आणि घाबरलेल्या मिराच्या तोंडून ढावलोच निघाला. लग्नातलं गाणं, अन् मढ्यावर! तांड्याचं कोणी तिथं असतं तर चप्पल फेकून मारली असती. गोरेगावच्या बायांना काय ठाऊक? त्या रडून रडून चिंब झाल्या. मेलेल्या पोराचं काम करणारा गडीही हुंदके देऊ लागला.

तिथून पुढं कितीतरी वर्षं सेनगाव, औंढा, जवळा बाजार, कुठंही नाटक असो, शेवटच्या अंकात रडायला मिराबाईच पाहिजे. नाव कधी छापलं नाही, हं. छापायचे ते 'स्त्री पात्र'. तांड्यातले लोक पाठीमागं नको नको ते बोलायचे. पण खरं सांगायचं तर बाईला ते काम आवडायचं. "स्टेजवर उभी असली की मला कोणी 'चहा ठेव' म्हणत न्हाई," असं म्हणून ती खळखळून हसायची.

तिची धाकटी लेक निता पडद्याआड चटईवर बसलेली असायची. आई मढ्यावर पडून आक्रोश करायची आणि आत येऊन पदरानं तोंड पुसत म्हणायची, "पान हाय का कोणाकडं?" लेकराच्या मनात ते घट्ट बसलं. एकदा मिराबाईचा भाऊ गेला. ती चुलीपुढं बसून रडत होती, तर निता विचारते, "याडी, उद्या कुठल्या गावाला नाटक हाय?" बाईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिलाच पोटाशी धरलं.

पुढं ऑर्केस्ट्रा आला, डीजे आला, नाटकं बंद पडली. मिराबाई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाऊ लागली. प्रेमदास गेला तेव्हा ती ऊर फुटेस्तोवर रडली. मागं बसलेली पद्माबाई शेजारणीच्या कानाशी लागली, "गोरेगावला याहून चांगली रडली होती." हळू बोलायचं तरी! मिराबाईनं ते ऐकलं. तिचा हुंदका तिथंच अडकला, आणि नवऱ्यासाठी ती पुन्हा कधी मोकळी रडली नाही.

हे सगळं तिनं गिळलं. पण मग नितावर आलं.

निताला जवळा बाजाराकडच्या तांड्यात दिली होती. जावई कुलदीप पिऊन मारायचा. यंदा त्यानं कानाखाली अशी हाणली की निताच्या डाव्या कानातून रक्त आलं आणि त्या कानाला ऐकूच येईना. ती माहेरी निघून आली. निताच्या सासऱ्यानं, रतनसिंगानं, आपल्या तांड्यात बैठक बोलावली. पोरीला परत नांदायला धाडायचं की आईकडं राहू द्यायचं, एवढंच ठरायचं होतं. परत गेली तर दुसरा कानही राहायचा नाही, कदाचित पोरगीच राहायची नाही, हे मिराबाईला दिसत होतं. तिचा जीव टांगणीला लागला.

निघताना निता म्हणाली, "याडी, तिथं रडू नको. तू रडलीस की ते म्हणतेत, आली नाटकवाली. मग माझं कोणी खरं धरायचं न्हाई."

"न्हाई रडत," मिराबाई म्हणाली. आणि पोरीची शपथ घेतली.

बैठकीत निताला शेजारी बसवून तिनं सगळं सरळ सांगितलं. कधी मारलं, कशानं मारलं, कान कसा गेला. रडू फुटेल असं वाटलं की ती थांबायची, पदर सारखा करायची, पुन्हा बोलायची. कुलदीप खाली मान घालून काडीनं माती उकरत होता. रतनसिंग म्हणाला, "पोरीला आधीपासूनच कमी ऐकू येत होतं." चारजणांनी माना हलवल्या. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय!

नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, बाबूसिंग म्हातारा माणूस, वाईट नव्हता. तो मिराबाईच्या तोंडाकडं एकटक बघत होता. शेवटी म्हणाला, "बाई, मी तुला गोरेगावला बघितलेलं हाय. लोकाच्या खोट्या पोरासाठी तू सगळं गाव रडवलं. अन् आज पोटच्या पोरीसाठी तुझ्या डोळ्यात थेंब न्हाई? म्हंजे तकलीफ एवढी मोठी नसंल. नवरा-बायकोत व्हतं असं. पोरीनं नांदायला यावं, कुलदीप आता हात उचलणार न्हाई."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! मिराबाई उठून उभी राहिली.

"नायक, मी रडले तर नाटक. न्हाई रडले तर तकलीफच न्हाई. मग आईनं खरं बोलायचं तरी कसं, तेवढं सांगा!"

निताच्या डाव्या अंगाला बसलेल्या घोळक्यातून एकजण ओरडला, "वा! काय डायलाग हाय!" आणि पाच-सहा गडी हसत टाळ्या पिटू लागले.

निता त्याच बाजूला तोंड फिरवून बघू लागली. लोक हात हलवताना दिसत होते, हसताना दिसत होते. तिनं आईला विचारलं, "काय म्हणून राहिलेत गं?"

टाळ्या विरल्या. बाबूसिंगानं पोरीकडं पाहिलं आणि तिचा कान खरंच गेलाय, हे त्याला आत्ता कळलं. पण मिराबाईला आता त्याच्या न्यायाची गरज उरली नव्हती. तिनं निताची पिशवी उचलली, तिचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत रस्त्याकडं चालू लागली. "अगं बाई, थांब, थांब जरा," असं नायक मागून म्हणत राहिला.

रस्त्यावर सवारीची जीप उभी होती, भरायला वेळ होता. दोघी मागच्या बाकावर बसल्या. निता उठून जागा बदलून आईच्या दुसऱ्या अंगाला आली, ऐकू येणारा कान तिच्याकडं करून.

"आता रड, याडी. इथं कोणी न्हाई."

"रडू कशाला?" मिराबाई म्हणाली. "सोबत घेऊन चालले ना तुला!"