ओट्यावरचा मेहता

माझ्या सासूबाईंचा समुद्रावर थोडाफार विश्वास असेल, माणसांवर नव्हता. माझ्यावर तर अजिबात नव्हता.

नरपडला आमचं सुक्या बोंबलांचं काम. नवरा आणि दीर होडीवर जात. माल किनाऱ्याला लागला की पुढचं सगळं सासूबाईंच्या हाती. बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील सुकत घालायचे, गठ्ठे बांधायचे आणि डहाणू स्टेशनातून गाडीनं बिलिमोऱ्याला, नाहीतर नवसारीला न्यायचे. त्याआधी व्यापाऱ्याला पत्र टाकायचं, की अमुक वारी माल घेऊन येते, जागा राखून ठेवा. बाकी सगळं त्यांना जमे, हे पत्र तेवढं जमत नसे. घरात कुणालाच अक्षर येत नव्हतं, मी येईपर्यंत.

मी झाईची, गुजरातच्या अगदी वेशीवरची. सहावीपर्यंत शिकले होते, आणि बाजारात बसून गुजराती लिहायला-वाचायला शिकले होते. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, आता पत्रं मीच लिहिणार. सासूबाईंनी माझ्या डोक्यावर टोपली दिली आणि पत्रं डहाणूच्या मेहताकडेच ठेवली. कारण झाईला माझी काकी हाच बोंबलांचा धंदा करत होती. सून घरातली झाली तरी तिचं माहेर बाहेरचंच, असं सासूबाई शेजारणीला सांगत, आणि मला नीट ऐकू जाईल अशा बेतानं सांगत.

हा मेहता कुणाचा नोकर नव्हता. पेठेत एका बंद दुकानाच्या ओट्यावर उतरतं मेज घेऊन बसायचा आणि भातगिरणीवाला, गंजाडकडचा गवताचा व्यापारी, आम्ही मासळीवाल्या, अशा सगळ्यांची लिखापढी एकटा करायचा. परवान्याचे अर्ज, रेल्वेचे कागद, येणारी-जाणारी पत्रं. मुंबई राज्याचे दोन तुकडे झाल्यापासून त्याची चंगळ होती. इकडच्या कचेरीला मराठी हवं, तिकडच्या व्यापाऱ्याला गुजराती हवं, आणि त्याला दोन्ही येत होतं. घरात कारकून ठेवला तर त्याला चहापाणी बघा, त्याच्यासमोर बोलताना जपा. त्यापेक्षा हा बाहेरचा बरा, असा सासूबाईंचा हिशेब.

मला तो माणूस पहिल्यापासून पटला नाही. अख्ख्या पेठेची बित्तंबातमी त्याच्या पोटात, आणि चेहरा पुसलेल्या पाटीसारखा कोरा. इतकं पोटात ठेवून माणूस गप्प कसा राहतो, याचंच मला कोडं पडे. गप्प राहणारा मला आजही खपत नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात गडबड सुरू झाली. सासूबाई गठ्ठे घेऊन बिलिमोऱ्याला उतरल्या, तर व्यापाऱ्याची वखार आदल्या दिवशीच भरलेली. माल झाईचा, माझ्या काकीचा. नवसारीला तेच झालं. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा घरी येऊन त्यांनी टोपली आपटली आणि चुलीपुढे मला विचारलं, "तुझ्या काकीला सपान पडतं काय गो?"

मला तेव्हा सातवा लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही मी नव्यानं मागत नव्हते, जगाची रीत होती. सासूबाईंनी जाहीर केलं की बाळंतपण इथंच होईल, आणि झाईहून कुणी आलं तरी अंगणातूनच परत जाईल. नवऱ्यानं कानावर हात ठेवले. मी रात्रंदिवस रडत होते, आणि रडता रडता त्या मेहताला शिव्या घालत होते. सांगणारा तोच, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही अशी.

सासूबाई मात्र नुसत्या संशयावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सापळा लावला. मला भाकरी थापताना सहज सांगितलं की आता माल परत बिलिमोऱ्यालाच नेणार. मेहताकडून मात्र वलसाडच्या एका नव्या व्यापाऱ्याला पत्र घातलं. मग ठरल्या वारी एक लहानसा गठ्ठा घेऊन त्या वलसाडला उतरल्या. व्यापाऱ्याच्या दारात माझी काकी पान खात बसली होती.

त्या घरी आल्या आणि पहिल्यांदाच माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला. माफी वगैरे काही नाही, तुकडा. मला तेवढा पुरला. मेहताची फजिती डोळ्यांनी पाहायची म्हणून पुढच्या बाजाराला मीही टांग्यात चढले, त्या अवस्थेत.

ओट्यावर नेहमीसारखी गर्दी होती. सासूबाईंनी पायरीवरूनच तोंड सोडलं. तुला पोसतो आम्ही आणि तू झाईला विकतोस, इथपासून त्याच्या वाडवडलांपर्यंत. मेहतानं सगळं ऐकून घेतलं. मग टाक खाली ठेवला आणि त्यांना एकच विचारलं, की पत्र लिहून झालं की तुम्ही मला काय करायला सांगता?

सासूबाई म्हणाल्या, वाचायला सांगते. अक्षर येत नाही तर वाचून नको घ्यायला?

"एकदा नाही, दोनदा. आणि हळू वाचलं तर म्हणता, मधलं गिळतोस, मोठ्यानं वाच." त्यानं ओट्याकडे हात केला. "मावशी, लिहिताना मी तोंड उघडत नाही. ते तुम्हीच उघडायला लावता. हे सगळे काय बहिरे आहेत?"

ओट्याच्या टोकाला आपली पाळी येण्याची वाट बघत झाईच्या चौघी बायका बसल्या होत्या. त्यांत माझी काकी होती. ती उगाच टोपलीवरचं फडकं नीट करू लागली.

आम्ही टांग्यानं परत निघालो. घर जवळ आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, जा तुझ्या झाईला बाळंतपणाला. आणि तोवर पत्रं तू लिही.

त्या रात्री मी जेवले नाही, इतका मला आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी नवसारीचं पत्र लिहिलं, गुजरातीत, टपोऱ्या अक्षरात. वाचून दाखवू का म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणाल्या, आणि मुकाट्यानं अंगठा उठवला. माझ्यावर विश्वास ठेवला बाईनं, असं मी नवऱ्याला तीनतीनदा सांगितलं. जाईपर्यंतची सगळी पत्रं मीच लिहिली. टपालात त्या स्वतः टाकून येत.

मुलगा झाला. काकी बारशाआधीच झबलं घेऊन बघायला आली. मी तोंड फिरवून होते. तिनं बाळाचे गाल ओढले, आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "तुझं गुजराती फार गोड हाय गो. व्यापाऱ्याची तब्येत पण इचारतेस."

कुठं वाचलंस, मी विचारलं.

वाचता कुठं येतं तिला. ऐकलं होतं. सासूबाई माझं प्रत्येक पत्र टपालात टाकण्याआधी मेहताकडे नेत, सुनेनं काय लिहिलंय ते बघायला. आता सगळ्यांना ओट्यावरून खाली उतरवतात आणि मग मोठ्यानं वाचून घेतात, काकी सांगत होती. बायका उतरतात आणि पायरीवर बसून ऐकतात.

मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी दूध उतरेना. राग नंतर आला.

सव्वा महिन्यानं मी नरपडला परतले. सासूबाईंनी नातवाला पोटाशी धरलं, दृष्ट काढली, आणि दुसऱ्याच दिवशी कागद माझ्यापुढे ठेवला. मी तो त्यांच्याकडे सरकवला, मुलाला घेतलं आणि म्हटलं, "आई, मेहताकडं जा. तो लिहील आणि वाचून पण दाखवील."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग उठल्या, पदर खोचला आणि डहाणूच्या वाटेला लागल्या.